लॉनला खत कधी आणि किती : बारडोलीच्या हवामानाप्रमाणे

बारडोलीत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांनी घरापुढे थोडेफार लॉन राखले आहे. सर्वांचा प्रश्न एकच असतो : गवत पिवळे पडले, आता कोणते खत घालू? आमच्या अनुभवाने खरा प्रश्न 'कोणते' हा नसून 'कधी' हा आहे.

परदेशातील मुले फोनवर सांगतात, हिवाळ्याआधी भरपूर खत घाला. त्यांच्या थंड प्रदेशातील गवताला ते बरोबर आहे. आपले गवत उष्ण प्रदेशाचे, म्हणजे हरळीच्या लॉनसाठी निवडलेल्या जाती किंवा मखमली दिसणारे कोरियन गवत. ते उन्हाळा-पावसाळ्यात वाढते, थंडीत स्वस्थ बसते आणि वाढते तेव्हाच खाते. हरळीला गुजरातीत धरो म्हणतात. आपली दूर्वाष्टमी तीच इथली धरो आठम. उसाच्या शेतात मात्र हेच गवत मजूर लावून खणून काढतात आणि आपण त्याला खत घालतो!

मात्रेचा हिशेब सोपा आहे. दर चौरस मीटरला एका वेळी सुमारे ५ ग्रॅम नत्र पुरते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून १०० चौरस फुटांना साधारण १०० ग्रॅम युरिया. अमोनियम सल्फेट असेल तर सव्वादोनशे ग्रॅम.

पहिली मात्रा मार्चच्या मध्यास, रात्री उबदार झाल्यावर. त्याआधी गवत खाली कापून, वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढावा आणि चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत बोटाच्या पेरापेक्षाही पातळ पसरावे. साखर कारखान्याचे प्रेसमडही चालते, पण कुजवलेलेच. ताजे तापते. एरंडीची पेंड इथे सहज मिळते, पण ती विषारी असते आणि कुत्री तिला तोंड लावतात. घरात कुत्रा असेल तर निंबोळी पेंड बरी.

एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची खात्री असेल तरच अर्धी मात्रा द्यावी, तीही संध्याकाळी, कोरड्या पात्यांवर, आणि लगेच भरपूर पाणी. इथे आम्ही स्वतः चूक केली आहे. घरी बारसे होते. अंगण हिरवेगार दिसावे म्हणून आठ दिवस आधी, मे महिन्यात, भर दुपारी मुठीने युरिया फेकला आणि पाणी सकाळवर ठेवले. बारशाच्या दिवशी मुठीच्या फेकीप्रमाणे करपलेले पट्टे स्पष्ट दिसत होते. त्यावर सतरंज्या घातल्या. तेव्हापासून आम्ही युरिया दुप्पट कोरड्या वाळूत मिसळून, निम्मा उभा आणि निम्मा आडवा चालत टाकतो.

दुसरी पूर्ण मात्रा जूनअखेर, पहिल्या पावसाने जमीन भिजल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हात आवरावा. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही, म्हणून गवत पिवळे पडते. त्या वेळी घातलेले नत्र गवताला कमीच मिळते. काही वाहून मिंढोळा नदीच्या वाटेला लागते, काही हवेत उडून जाते. आधी पाण्याला वाट करून द्यावी. कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता असते. उघडीप पाहून लिटरला ५ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावे. फरशीवर पडू देऊ नये, तांबडे डाग जात नाहीत.

गणपतीच्या दूर्वांसाठी एक कोपरा न कापता आणि रासायनिक खताविना राखावा. कापणीच्या लॉनवर तीन पात्यांची दूर्वा मिळत नाही, आणि युरिया-हिराकस पडलेली देवाला वाहणे आम्हाला पटत नाही.

तिसरी मात्रा अनंत चतुर्दशी उलटल्यावर, पाऊस ओसरला की. ऑक्टोबरच्या मध्यानंतर नत्र बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गवत निस्तेज दिसते, पण ती भूक नव्हे. पाणी कमी करावे आणि वाट पाहावी.

स्फुरद आणि पालाश माती तपासल्याशिवाय घालू नये. काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसे असते. लॉनमध्ये चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून तपासायला द्यावी. कापलेले बारीक गवत तिथेच पडू दिले तर नत्राची सुमारे पाव गरज त्यातूनच भागते.

खरेदीबाबत एक सूचना. आमचे लॉन ४०० चौरस फुटांचे. वरच्या साडेतीन मात्रांना वर्षाला १.४ किलो युरिया लागतो. म्हणजे ४५ किलोची एक गोणी आम्हाला ३२ वर्षे पुरेल! आमचे वय पाहता हा करार फार लांबचा आहे. शिवाय युरिया ओल धरून दगड होतो. शेजारच्या चार घरांनी मिळून थोडा घ्यावा आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा.