खणखणीत नाणं, बद्द चकती

आपल्या भाषेत पैशाची परीक्षा कानानं आणि हातानं होते. माणूस ‘खणखणीत नाणं’ असतो, रुपया ‘बंदा’ असतो, नावाला ‘बट्टा’ लागतो. हे शब्द आपल्याकडे थेट बाजारातून आले.

मी राहतो त्या वाघोलीत, पुणे-नगर रस्त्यावर, वाघेश्वराच्या देवळाजवळ पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे. शाहू महाराजांच्या आणि पहिल्या बाजीरावांच्या काळातले हे सरदार. त्या अठराव्या शतकात एकाच थैलीत वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये असत. तांब्याची शिवराई तर घरोघर. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हातोड्यानं पाडलेलं नाणं ते. काठ वाकडे, वजन टांकसाळीगणिक कमीजास्त. म्हणून सराफ रुपया वाजवून ऐके, तोलून बघे आणि कस कमी भरला तर बट्टा कापून घेई. नाण्याची किंमत त्याच्या धातूत होती, आणि धातू हाताला कळत होता.

हे आठवलं ते गेल्या दिवाळीत. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी पत्त्यांबरोबर पोकरच्या चिप्सची पेटी आणली होती. खेळ बिनपैशाचा. एक चकती मी हातात घेतली, चांगली जड लागली. ‘काका, अगदी कॅसिनोतल्यासारख्या आहेत!’ एकजण म्हणाला. गंमत अशी, की तो जडपणाच तिचं वेगळेपण सांगत होता. घरगुती पेटीतली अशी चकती साधारण साडेअकरा ग्रॅमची, वरून प्लास्टिक आणि पोटात लोखंडाची टिकली. अमेरिकेतल्या जुन्या कॅसिनोंची चकती मात्र आठ ते दहा ग्रॅमची, म्हणजे हलकीच असते.

तिला ‘क्ले’, म्हणजे मातीची म्हणतात. पण ती पणतीसारखी भट्टीत भाजलेली नसते. खनिजांची पूड आणि चिकटवणारा पदार्थ एकत्र करून उष्णतेखाली साच्यात दाबतात. कडेला दिसणारे रंगीत ठिपके वरून रंगवलेले नसतात. तेवढा तुकडा कापून तिथं दुसऱ्या रंगाचा बसवतात आणि मग पुन्हा दाबतात. अशी चकती बोटांना किंचित खरखरीत लागते आणि एकमेकींवर पडली की बद्द आवाज होतो. 1980 च्या दशकात ‘सिरॅमिक’ चकत्या आल्या. नाव सिरॅमिक, पण ते खरं तर कठीण प्लास्टिकच. गुळगुळीत, आणि थेट कडेपर्यंत छापता येणारं. फ्रान्सकडच्या जुगारघरांत तर मोठ्या रकमेसाठी चौकोनी, पाटीसारखे तुकडे वापरतात.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या चकत्या हस्तिदंताच्या आणि हाडाच्याही असत. पण साधी चकती कुणीही बाहेरून करून आणू शकतो. म्हणून प्रत्येक घरानं आपला रंग, आपली खूण, आपला साचा ठरवला. कडेचे ठिपके त्याचसाठी: वीस चकत्यांच्या चळतीत एक परकी किंवा वेगळ्या किमतीची असली तर ती बाजूनंच ओळखू येते.

इथं चकती आणि शिवराई यांचा रस्ता वेगळा होतो. डिसेंबर 2010 मध्ये लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोतून एका दरोडेखोरानं सुमारे पंधरा लाख डॉलरच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोनं काय केलं? पंचवीस हजार डॉलरच्या त्या मालिकेतल्या चिप्स एका तारखेनंतर चालणार नाहीत, असं जाहीर केलं. चोराच्या हातात उरल्या त्या निव्वळ चकत्या. उलट 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तरी शिवराई बाजारात चालतच राहिली. राज्य गेलं, तांबं गेलं नाही.

चकती वजनदार असो की हलकी, तिची किंमत समोरच्या घराच्या शब्दावर. आणि तिचा दुसरा गुण अधिक धोक्याचा. पाचशेची नोट पुढं करताना हात अडखळतो. चकती सरकवताना अडखळत नाही. दिवसभराची मजुरी, मुलाची फी, असं काहीच तिच्यावर लिहिलेलं नसतं. महाराष्ट्रानं 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. पुणेकर हौशी म्हणून मांडवी नदीतल्या जहाजांकडे जातात. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांत तर हाताला लागायला चकतीही नव्हती. त्यांत घरं बुडाली, आत्महत्या झाल्या, आणि 2025 मध्ये संसदेनं ते खेळ बंद करणारा कायदा केला.

आपल्या मुलांना चिप्सची घडण जरूर सांगावी, ती मोठी रंजक आहे. मात्र सोबत घरात असली तर एखादी जुनी शिवराई त्यांच्या तळहातावर ठेवावी. पैसा हाताला लागतो कसा, हे त्यांनाही कळू द्या.