चालू घडामोडी (राज्यसेवा परीक्षा)

चालू घडामोडी हा महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत घेतल्या जाणाऱ्या राज्यसेवा परीक्षेच्या अभ्यासक्रमातील एक घटक आहे. पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययन प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडींचा उल्लेख सर्वप्रथम येतो. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि सामान्य विज्ञान या इतर घटकांना ठरलेली पाठ्यपुस्तके उपलब्ध आहेत. चालू घडामोडींना तसे पुस्तक नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या घटना विचारल्या जातील, हेही अभ्यासक्रमात सांगितलेले नाही. त्यामुळे या घटकाची तयारी कशी करावी हा उमेदवारांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ही तयारी प्रामुख्याने भंडारा जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे मांडली आहे.

परीक्षेतील स्थान

महाराष्ट्र लोकसेवा आयोग हा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३१५ नुसार स्थापन झालेला आयोग असून तो १ मे १९६० पासून कार्यरत आहे. राज्यसेवा पूर्व परीक्षेत प्रत्येकी २०० गुणांच्या दोन बहुपर्यायी प्रश्नपत्रिका असतात. पहिल्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न असतात व चुकीच्या उत्तरासाठी एक चतुर्थांश गुण वजा होतात. दुसरी प्रश्नपत्रिका, म्हणजे सी-सॅट, २०२२ च्या परीक्षेपासून केवळ पात्रतेपुरती ठेवण्यात आली व तीत ३३ टक्के गुण आवश्यक ठरले. परिणामी पूर्व परीक्षेची गुणवत्ता यादी एकट्या पहिल्या प्रश्नपत्रिकेवर ठरू लागली. अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत थेट चालू घडामोडींवरील प्रश्न साधारणपणे पंधराच्या आसपास असतात. सीमारेषेवरील उमेदवाराच्या दृष्टीने ही संख्या निर्णायक ठरू शकते.

मुख्य परीक्षेतील बदल याहून मोठा आहे. पूर्वी ही परीक्षा ८०० गुणांची व बहुतांशी बहुपर्यायी होती. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून लागू करण्याचा निर्णय आयोगाने घेतला होता. पुण्यात झालेल्या विद्यार्थी आंदोलनानंतर तो २०२५ च्या परीक्षेपर्यंत पुढे ढकलण्यात आला. नव्या योजनेत नऊ प्रश्नपत्रिका, गुणवत्तेसाठी धरले जाणारे १७५० गुण आणि २७५ गुणांची मुलाखत आहे. दिनांक व नावे पाठ करून पूर्व परीक्षेचा काही भाग निभावतो. निबंध व सामान्य अध्ययनाच्या वर्णनात्मक उत्तरांत मात्र घटनेमागील कारण, संबंधित कायदा आणि आकडेवारी यांची मांडणी करावी लागते.

घटना आणि अभ्यासक्रम

वर्तमानपत्रातील बातमी स्वतंत्रपणे लक्षात ठेवण्यापेक्षा ती अभ्यासक्रमातील स्थिर घटकाशी जोडणे ही या विषयाच्या तयारीची सर्वांत टिकाऊ रीत आहे. भंडारा हा पूर्व विदर्भातील सात तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार १२,००,३३४ लोकसंख्येचा जिल्हा आहे. त्याचे नाव राज्य पातळीवरील बातम्यांत रोज येत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत तेथे घडलेल्या मोजक्या घटना अभ्यासक्रमाचा बराच मोठा भाग व्यापतात.

पवनी तालुक्यात वैनगंगा नदीवर असलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुरुवातीला ३७२ कोटी रुपये अंदाजित असलेला खर्च दशकांच्या विलंबामुळे कित्येक पटींनी वाढला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर हे त्याचे लाभक्षेत्र असून नियोजित सिंचन क्षमता सुमारे अडीच लाख हेक्टर आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने मंजुरी दिलेल्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचा उगम याच जलाशयात आहे. तेथील पाणी नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ व अकोला या जिल्ह्यांतून बुलढाण्यापर्यंत नेण्याचे नियोजन आहे. 'नदीजोड प्रकल्पास मंजुरी' एवढी एका ओळीची बातमी नदीखोऱ्यांचा भूगोल, सिंचनाचा अनुशेष, पुनर्वसन व २०१३ चा भूसंपादन कायदा यांपर्यंत पोहोचते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान व पुढे वैनगंगेत येत असल्याने जलप्रदूषणाचा मुद्दाही त्यातच येतो. संक्षिप्त पुस्तिकांत मात्र बहुधा प्रकल्पाचे नाव आणि खर्चाचा आकडा तेवढा उरतो.

९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशु कक्षास आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. या घटनेचा अभ्यास करताना सार्वजनिक आरोग्य हा राज्य सूचीतील विषय आहे, पोषण व आरोग्यमान उंचावण्याचे कर्तव्य अनुच्छेद ४७ मध्ये आहे आणि अग्निशमन सेवा ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत आहे, या तीन बाबी एकत्र पाहाव्या लागतात. जबाबदारी कोणत्या स्तरावरील शासनाची, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो आणि भावी प्रशासकाकडून उत्तराची अपेक्षा असते ती याच ठिकाणी.

जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचा बळी गेला. ही निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या केंद्र शासनाच्या कंपनीच्या अखत्यारीत आहे. त्या दिवशी आयुध निर्माणी मंडळ मोडीत काढून सात कंपन्या स्थापन करण्यात आल्या होत्या. अपघाताच्या बातमीमुळे चार वर्षांपूर्वीचा धोरणात्मक निर्णय पुन्हा अभ्यासात येतो, त्याचे हे उदाहरण होय.

पर्यावरण घटकासाठी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प महत्त्वाचा आहे. २०१३ मध्ये घोषित झालेला हा राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेला असून कोका अभयारण्य त्याचाच भाग आहे. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. एका जिल्ह्यात वाघांची दाटी, तर शेजारच्या जंगलात त्यांची उणीव, ही त्यामागील पार्श्वभूमी होती.

बदलते आकडे

या विषयातील बऱ्याच चुका अज्ञानापेक्षा जुन्या माहितीमुळे होतात. धान हे भंडाऱ्याचे मुख्य पीक. त्याच्या दराची माहिती येथील शेतकरी कुटुंबातील उमेदवाराला घरातूनच असते. साधारण धानाची किमान आधारभूत किंमत २०२३-२४ मध्ये प्रतिक्विंटल २,१८३ रुपये, २०२४-२५ मध्ये २,३०० रुपये आणि २०२५-२६ मध्ये २,३६९ रुपये होती. राज्य शासनाची प्रोत्साहन रक्कम, जिला बोलीभाषेत 'बोनस' म्हणतात, पूर्वी क्विंटलमागे मिळत असे. २०२२-२३ पासून ती हेक्टरी देण्याची पद्धत आली. त्या वर्षी हेक्टरी १५,००० रुपये व पुढील वर्षी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाले. आधारभूत किंमत केंद्र शासन जाहीर करते, तर प्रोत्साहन रक्कम राज्य शासन देते. हा फरक न कळता केवळ आकडा पाठ केल्यास विधानांच्या स्वरूपातील प्रश्नात गोंधळ उडतो.

पुढे ढकललेल्या परीक्षा

परीक्षेची तारीख बदलली की इतिहासाचा अभ्यास तसाच राहतो, चालू घडामोडींचा मात्र वाढतो. २०२४ ची पूर्व परीक्षा मुळात २८ एप्रिल २०२४ रोजी नियोजित होती. आरक्षणविषयक नव्या कायद्यामुळे ती लांबणीवर पडली. नंतर ठरलेली २५ ऑगस्टची तारीख बँक भरतीच्या परीक्षेशी एकाच दिवशी आल्याने व पुण्यातील आंदोलनानंतर रद्द झाली. अखेर परीक्षा १ डिसेंबर २०२४ रोजी झाली. दरम्यानच्या सात महिन्यांत लोकसभा निवडणुकीचा निकाल लागला, १ जुलैपासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, केंद्राचा पूर्ण अर्थसंकल्प सादर झाला, पॅरिस ऑलिम्पिक पार पडले, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि विधानसभेची निवडणूकही झाली. २०२५ मध्ये २८ सप्टेंबरची पूर्व परीक्षा अतिवृष्टी व पूरस्थितीमुळे ९ नोव्हेंबरला घेण्यात आली. त्याआधी २०२१ मध्ये, कोरोना काळात, १४ मार्चची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलून २१ मार्चला झाली होती.

एका आठवड्याच्या विलंबाने फारसे बिघडत नाही. काही महिन्यांच्या विलंबाचा अर्थ मात्र नागपूर किंवा पुण्यात राहणाऱ्या उमेदवारासाठी खोलीचे भाडे, खानावळ व अभ्यासिकेचे शुल्क पुन्हा भरणे असा होतो. गावी राहून अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला हंगाम येतो. जुलैमध्ये धानाची रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी असते. घरी हात कमी असतील तर अभ्यासाचे तास तेथेच खर्ची पडतात. वयोमर्यादेजवळ पोहोचलेल्यांसाठी तर प्रत्येक वर्ष मोजके असते.

साधने

दैनिक वृत्तपत्राबरोबर राज्य शासनाचे 'लोकराज्य' व केंद्र शासनाचे 'योजना' ही मासिके, पत्र सूचना कार्यालयाची निवेदने आणि अर्थसंकल्पापूर्वी विधिमंडळात सादर होणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' ही मूळ साधने मानली जातात. अर्थ व सांख्यिकी संचालनालयातर्फे प्रसिद्ध होणारे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' त्या मानाने दुर्लक्षित आहे. पीकक्षेत्र, सिंचन, शाळा, दवाखाने यांची तालुकानिहाय आकडेवारी त्यात एकत्र मिळते. बार्टी, सारथी व नागपूर येथील महाज्योती या शासकीय संस्था संबंधित प्रवर्गांतील उमेदवारांना स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देतात. वार्षिक पुस्तिका उजळणीस सोयीच्या असल्या तरी छपाईनंतर बदललेली माहिती त्यांत नसते. परीक्षेनंतर आयोग प्रथम उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो. अशा हरकतीस आधार म्हणूनही मूळ शासकीय दस्तऐवजच उपयोगी पडतो.

मुलाखत

मुलाखतीत उमेदवाराच्या स्वजिल्ह्यावर प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे. भंडाऱ्याच्या उमेदवारास माजी मालगुजारी तलावांची दुरवस्था, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणी किंवा पितळेच्या भांड्यांचा उतरता व्यवसाय यांविषयी विचारले जाऊ शकते. येथील २०१८ ची लोकसभा पोटनिवडणूक मतदान पडताळणी यंत्रांतील बिघाड व फेरमतदानामुळे देशभर चर्चेत आली होती. त्याच भंडारा मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले होते. जिल्ह्याचे जुने आकडे सांगताना एक काळजी घ्यावी लागते: १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या अहवालांतील 'भंडारा जिल्हा' म्हणजे आजचे दोन जिल्हे होत.