सेंट हेलेना बेटाचे जुने फोटो : मुक्त झालेल्या माणसांचा अल्बम कसा वाचायचा?

वस्तीत काम करताना घरोघरी जुने फोटो पाहायला मिळतात. परिषदेचा ग्रुप फोटो, विहाराच्या पायाभरणीचा फोटो, समता सैनिक दलाच्या गणवेशातले आजोबा. "यातले आजोबा कोणते?" असं विचारलं की अनेकदा घरातलं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. फोटो राहतो आणि नाव जातं. असाच प्रश्न जगात इतरांपुढेही आला होता. त्यातलं एक उदाहरण आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावं असं आहे, ते म्हणजे अमेरिकेतल्या सेंट हेलेना बेटाचं.

बेट कुठलं आणि माणसं कोण?

नेपोलियनला कैदेत ठेवलं ते सेंट हेलेना वेगळं. हे बेट अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, ब्यूफर्ट या गावाजवळ आहे. या किनाऱ्यालगतच्या बेटांना 'सी आयलंड्स' म्हणतात. इथे लांब धाग्याचा उंची कापूस पिकत असे. तो पिकवणारे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलंबाळं, तर मालक गोरे जमीनदार.

७ नोव्हेंबर १८६१ रोजी यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलाने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. गोरे मालक घरंदारं टाकून पळाले. सुमारे दहा हजार गुलाम माणसं मागे राहिली. कायद्याने गुलामगिरी संपायला अजून वेळ होता, पण या बेटांवर मालकच उरला नव्हता. मग इथे एक प्रयोग सुरू झाला. काळ्या माणसांनी मजुरी घेऊन शेती करायची, मुलांनी आणि मोठ्यांनीही शिकायचं. इतिहासात त्याला 'पोर्ट रॉयल प्रयोग' म्हणतात.

१८६२ मध्ये लॉरा टाउन आणि एलन मरे या गोऱ्या शिक्षिकांनी सेंट हेलेनावर शाळा काढली. तीच पुढे 'पेन स्कूल' म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षी शार्लट फॉर्टन ही काळी शिक्षिका उत्तरेतून इथे शिकवायला आली. तिने बेटावरच्या अनुभवांवर लिहिलेला लेख १८६४ मध्ये 'अटलांटिक मंथली'त छापून आला. शाळेचे वर्ग काही काळ 'ब्रिक चर्च'मध्ये भरत. ते चर्च १८५५ मध्ये गुलामांच्याच हातांनी बांधलेलं होतं.

जमीन हातात आली

या बेटाची गोष्ट दक्षिणेतल्या इतर भागांपेक्षा वेगळी ठरली ती जमिनीमुळे. पळालेल्या मालकांनी युद्धकर भरला नाही म्हणून सरकारने त्यांचे मळे ताब्यात घेतले आणि १८६३ पासून विकायला काढले. मुक्त माणसांनी पैसे साठवून त्यातले छोटे तुकडे विकत घेतले. दहा एकर हे त्यातलं नेहमीचं माप.

इतरत्र काय झालं तेही पाहावं. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शेरमनच्या आदेशाने किनारपट्टीवरच्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती फिरवली आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. सेंट हेलेनावर ज्यांनी खरेदीखत करून जमीन घेतली होती, त्यांची मात्र टिकली. आदेश मागे घेता येतो, खरेदीखत मागे घेणं अवघड असतं. महार वतनाचा आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

फोटो कोणी काढले?

या बेटाचे सर्वात गाजलेले फोटो ली रिचमंड मायनर या गोऱ्या छायाचित्रकाराचे आहेत. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूट या काळ्या विद्यार्थ्यांच्या संस्थेत तो कला शिकवायचा. काळे कवी पॉल लॉरेन्स डनबर यांच्या १९०६ च्या एका कवितासंग्रहातले फोटो त्यानेच काढले आहेत. पेन स्कूल १९०१ नंतर हॅम्प्टनच्या धर्तीवर चालू लागली. शेती, सुतारकाम, टोपल्या विणणं, शिवण अशा कामांवर भर देणारं ते शिक्षण होतं. त्या संबंधातून मायनर बेटावर आला आणि साधारण १९०७ ते १९२३ या काळात त्याने इथलं जीवन टिपलं. एडिथ डॅब्स यांनी संपादित केलेलं त्याच्या फोटोंचं 'फेस ऑफ ॲन आयलंड' हे पुस्तक १९७० मध्ये निघालं. पेन स्कूलची कागदपत्रं आणि फोटो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहेत.

फोटोंत काय दिसतं? बैलगाडी, होड्या, कापसाचं काम, डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बाया, लाकडी घरं, वर्गात बसलेली मुलं, टोपल्या विणणारी माणसं. आणि म्हाताऱ्यांचे चेहरे. यातल्या कित्येकांचा जन्म गुलामगिरीत झालेला. १८९३ च्या ऑगस्टमधल्या भयंकर वादळातून ही पिढी वाचली होती. त्या वादळाने या किनाऱ्यावर सुमारे दोन हजार माणसं मारली असं मानतात. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल १९२७ मध्ये झाला, तोवर येणंजाणं होडीनेच. या एकांतामुळे इथली गल्ला ही बोली टिकली. इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांच्या मेळातून ती घडली आहे. लोक तिला 'मोडकी इंग्रजी' म्हणून हसायचे. लोरेन्झो डाउ टर्नर या काळ्या भाषाशास्त्रज्ञाने १९४९ च्या ग्रंथात तिच्यातली आफ्रिकी मुळं दाखवून दिली. आपल्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हिणवणं आपणही ऐकलेलं आहे.

फोटोच्या चौकटीबाहेर

समाजशास्त्रात एम.ए. करताना एक गोष्ट शिकले. फोटो पुरावा असतो, पण तो कुणीतरी निवडलेला पुरावा असतो. म्हणून जुना फोटो हातात घेतला की चार प्रश्न विचारावेत.

पहिला, कॅमेरा कुणाच्या हातात होता? मायनर सहानुभूतीने पाहणारा होता, तरी तो बाहेरून आलेला होता.

दुसरा, फोटो कुणासाठी काढला? पेन स्कूल उत्तरेतल्या देणगीदारांवर चालत होती. "बघा, तुमच्या पैशातून किती प्रगती झाली" हे दाखवायला असे फोटो उपयोगी पडत. त्यामुळे कष्टाळू, शांत, नीटनेटकी माणसं जास्त दिसतात. संतापलेली, प्रश्न विचारणारी माणसं कमी दिसतात.

तिसरा, नाव कुणाचं लिहिलं? माणसाचं की नुसत्या 'प्रकारा'चं? 'वृद्ध शेतकरी', 'टोपली विणणारा' अशी ओळख आली की माणूस नमुना बनतो.

चौथा, फोटोत काय नाही? १८९५ च्या साउथ कॅरोलायनाच्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार जवळपास काढून घेतला. याच ब्यूफर्टचे रॉबर्ट स्मॉल्स गुलामगिरीतून सुटून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले होते. त्यांच्याच हयातीत ही घटना झाली. फोटोत शेत दिसतं, घर दिसतं, शाळा दिसते. हिरावलेलं मत दिसत नाही.

याच काळात डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी वेगळं काही केलं होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी जॉर्जियातल्या काळ्या लोकांचे शेकडो फोटो अल्बमांत लावले. वकील, विद्यार्थी, कुटुंबं, दुकानं, चांगल्या कपड्यांतली माणसं. त्याच प्रदर्शनात हॅम्प्टनचेही फोटो होते. एकाच समाजाची ही दोन चित्रं. हस्तकौशल्य की उच्च शिक्षण, हा बुकर टी. वॉशिंग्टन आणि डुबॉईस यांच्यातला वाद या फोटोंतही वाचता येतो.

म्हणून मायनरचे फोटो टाकून द्यायचे का? अजिबात नाही. हॅम्प्टनच्या शिक्षणपद्धतीवर टीका करता येते. तरीही फोटोतली माणसं स्वतःच्या जमिनीवर उभी आहेत, हे खोटं ठरत नाही. ती लेन्सकडे सरळ पाहतात. ती नजर फोटोग्राफरने दिलेली नाही.

आपला संबंध

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. तेव्हा सेंट हेलेनावरची शाळा अकरा वर्षांची होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ती मायनरच्या फोटोंचीच वर्षं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डुबॉईस यांना पत्र लिहून, काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डुबॉईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिलं. तो अर्ज मागण्यामागे अस्पृश्यांचा प्रश्न जगापुढे मांडण्याचा विचार होता.

पेन स्कूल १९४८ मध्ये शाळा म्हणून बंद झाली, पण जागा जिवंत राहिली. १९६० च्या दशकात मार्टिन ल्युथर किंग आणि त्यांचे सहकारी इथे शिबिरं घेत. काळे आणि गोरे एकत्र राहू शकतील अशा जागा तेव्हा दक्षिणेत फार थोड्या होत्या. १९७४ मध्ये या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

आजची लढाई पुन्हा जमिनीची आहे. मृत्युपत्र न करता वारसांकडे आलेल्या सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराला गाठून बिल्डरने अख्खी जमीन लिलावात काढण्याचे प्रकार घडत आले आहेत. १९५६ मध्ये पूल झाल्यावर शेजारच्या हिल्टन हेड बेटावर रिसॉर्ट आणि गोल्फ कोर्स आले. सेंट हेलेनावर १९९९ पासून असलेल्या नियमांनी अशा प्रकल्पांना रोखून धरलं आहे. जमिनीवर आणि संस्कृतीवर आपला हक्क जुना आहे हे सांगताना ती माणसं आजही शाळेचा, चर्चचा आणि आजोबांच्या शेताचा इतिहास पुढे ठेवतात.

आपण काय करायचं?

मोठं संग्रहालय होईल तेव्हा होईल. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एवढं तरी करावं:

– घरोघरचे जुने फोटो मोबाइलवर न काढता स्कॅन करावेत आणि मूळ फोटो त्या कुटुंबाकडेच परत द्यावा.
– वस्तीतल्या ज्येष्ठांना बसवून प्रत्येक चेहऱ्याचं नाव, गाव आणि काम लिहून घ्यावं. त्यांचा आवाजही रेकॉर्ड करावा.
– बायांची नावं 'अमक्याची बायको' अशी न लिहिता त्यांची स्वतःची लिहावीत.
– फोटो कुणी, कधी, कशासाठी काढला ते नोंदवावं. माहीत नसेल तर जागा कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये.
– कुटुंबाची परवानगी घेतल्याशिवाय सोशल मीडियावर टाकू नये.
– सातबारा, वतनाची कागदपत्रं, शाळेचे दाखले यांचीही फोटोंसोबत प्रत ठेवावी.

दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसं होती. त्यातल्या किती जणांची नावं आपल्याकडे लिहिलेली आहेत? त्या दिवशी तिथे असलेली जी माणसं आज आपल्यात आहेत, त्यांचं वय सत्तरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. या रविवारी वंदना झाल्यावर कुणाच्या तरी आजीजवळ फोटो घेऊन बसा आणि विचारा, "आजी, यात कोण कोण आहे?"

जयभीम.