संग्रहालयाचे दप्तर गावाकडे

एखादे संग्रहालय वाढले असे आपण कधी म्हणतो? नवे दालन बांधले, काचेची कपाटे आली, दिवाबत्तीची सोय झाली, वर्षभरात शाळांच्या सहली येऊन गेल्या, की वार्षिक अहवालात वाढीची नोंद होते. ही वाढ खोटी नसते. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांना ती मोजपट्टी लावायची तर आधी एक जुना हिशेब पाहावा लागतो. इथल्या मोलाच्या वस्तूंचा लिखित इतिहास हा बहुतांशी त्या वस्तू इथून बाहेर गेल्याचा इतिहास आहे. वस्तू गेली, तिच्यासोबत तिची नोंदही गेली, आणि तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे नोंद होती त्यांच्याकडे गेला. म्हणून या भागात लोकांचे संग्रहालय वाढले की नाही, हे इमारतीवरून ठरत नाही. वस्तूंची यादी कोण करते, काय दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे हे कोण ठरवते, आणि गरज पडली तर ती यादी कोणाच्या बाजूने पुरावा म्हणून उभी राहते, यावर ते ठरते.

सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडकात सापडलेल्या एका अश्मीभूत माशाचे वर्णन १८५१ साली एगर्टन या इंग्रज अभ्यासकांनी केले आणि ज्युरासिक काळातला तो मासा जगाच्या शास्त्रीय साहित्यात जाऊन बसला. पुढे त्या खडकांच्या थरालाच या गावाचे नाव मिळाले. आज भूशास्त्राचा कोणताही विद्यार्थी ‘कोटा फॉर्मेशन’ शिकतो. कोट्यात वाढणाऱ्या मुलाला मात्र आपल्या गावाची ही ओळख सहजी कळेल अशी सोय फार काळ नव्हती. त्याच सुमारास नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर या सगळ्या प्रदेशातले जीवाश्म जमवत होते. वर्धा खोऱ्यातल्या मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला पोचली, रिचर्ड ओवेन यांनी १८५५च्या सुमारास तिचे वर्णन केले, आणि ती तिथेच राहिली. शंभर वर्षांनंतरही दिशा फारशी बदलली नाही, फक्त शहर बदलले. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ या काळात महाकाय डायनासोरची हाडे मिळाली. निदान सहा प्राण्यांची सुमारे तीनशे हाडे होती ती. १९७५ साली त्याला ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव मिळाले आणि त्याचा उभा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत मांडला गेला. ते काम करणारे शास्त्रज्ञ उत्तम होते, त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही खोऱ्यातल्या माणसाला आपल्या जमिनीतला हा प्राणी पाहायचा तर कोलकात्याचे तिकीट काढावे लागते.

दगडांच्या बाबतीत हे झाले, तसेच अक्षरांच्या बाबतीत. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात चिकमाऱ्याजवळ देवटेक येथे एक कोरीव शिळा होती. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन ब्राह्मी लिपीतला, प्राण्यांना पकडण्याला आणि मारण्याला मनाई करणारा. त्याच शिळेवर काही शतकांनी वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याच्या काळातला दुसरा लेख कोरला गेला. वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा अभ्यास केला आणि चिकमाऱ्याचे प्राचीन नाव या लेखांत ओळखले. म्हणजे जंगलपट्ट्यातले एक गाव दोन हजारांहून अधिक वर्षे जवळपास त्याच नावाने नांदते आहे, आणि वन्यप्राण्यांविषयीचा आपल्याकडचा एक अतिप्राचीन राजनियम त्याच्या शिवारात होता. ती शिळा आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या बोलीतल्या अजब बंगल्यात आहे. ताडोबाच्या जिल्ह्यात, जिथे माणूस आणि वाघ यांच्या संबंधावर रोज वाद होतो, तिथे हा पुरावा कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. अजब बंगला १८६३ साली सुरू झाला; त्याच वर्षी हिस्लॉप वारले आणि मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयी त्यांनी लिहून ठेवलेली टिपणे प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. गोंडांच्या चालीरीती, त्यांची गाणी, त्यांच्या कथा कागदावर आल्या त्या अशा, इंग्रजीत, प्रशासकांच्या टेबलासाठी. संग्रहालय आणि टिपणे दोन्हींच्या मागे टेम्पल यांचाच हात होता, हा योगायोग मानता येत नाही. प्रांत नवा होता, १८६१ साली स्थापन झालेला, आणि राज्य चालवायला प्रदेशाची मोजदाद हवी होती. संग्रह हा त्या मोजदादीचाच भाग.

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. या वस्तू नेल्या म्हणून वाचल्या, असे म्हणतात. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओल, लाकडाला वाळवी, पर्लकोटा आणि इंद्रावतीच्या पुरात वेढली जाणारी भामरागडकडची गावे. इथे लाकडी खांब आणि चामड्याचा ढोल शंभर वर्षे कसा टिकणार? देवटेकची शिळा शिवारात राहिली असती तर कदाचित धुणे धुवायला वापरली गेली असती. हे मान्य करावे. पण या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष इतकाच, की वस्तूला छप्पर आणि देखभाल हवी. ते छप्पर दीडशे किलोमीटर दूरच असले पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात सांता आना देल व्हाये नावाचे झापोतेक विणकरांचे गाव आहे. १९८५ साली गावच्या चौकाची दुरुस्ती करताना तिथे एक प्राचीन थडगे सापडले. पुरातत्त्वतज्ज्ञ आले, त्यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले; गावसभेने मात्र ठरवले की वस्तू गावातच राहतील, आणि १९८६ साली गावाने स्वतःचे संग्रहालय उघडले. ओआहाकातल्या इतर गावांनी पुढे तोच मार्ग धरला. तज्ज्ञ बाहेरचे आणि मालकी गावाची, ही वाटणी तिथे निभावली. आपल्या जवळ, गुजरातच्या छोटा उदेपूर भागात तेजगढला गणेश देवी यांच्या पुढाकाराने आदिवासी अकादमी आणि तिचे ‘वाचा’ हे संग्रहालय उभे राहिले, तेही शहरापासून दूर, आदिवासी मुलखातच.

चंद्रपूर-गडचिरोलीत गेल्या काही वर्षांत हालचाल झाली आहे आणि तिची दाद द्यायला हवी. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने गिळला होता. मार्च २०१७ पासून बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो शेकडो दिवस रोज राबून मोकळा केला आणि बुरुजांवरून लोकांना फिरवायला सुरुवात केली. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही दरवाजांची नावे चंद्रपूरकरांच्या तोंडी होतीच. त्या दरवाजांना जोडणारी भिंत पुन्हा दिसू लागली. प्रा. सुरेश चोपणे यांनी चंद्रपुरात खडक आणि जीवाश्मांचा खासगी संग्रह उभा केला. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केले, म्हणजे निदान अश्मीभूत झाडांचे ओंडके आता जिथले तिथे पाहता येतात. १८५१ पासूनच्या ओघाला हा पहिला ठळक उलटा प्रवाह आहे. तरी बारकाईने पाहिले तर एक फरक जाणवतो. परकोटाचे काम लोकांनी अंगावर घेतले. वडधमचे उद्यान खात्याचे आहे. कुंपण खात्याने घातले म्हणून ते वाईट ठरत नाही, पण खात्याच्या प्राथमिकता बदलल्या, अधिकाऱ्याची बदली झाली, निधी दुसरीकडे वळला, तर गावाच्या हातात त्या दगडांविषयी काही उरत नाही. सोयी वाढल्या आणि मालकी जिथे होती तिथेच राहिली, अशी ही स्थिती आहे.

मालकीसकट वाढ कशी दिसते, याचे उदाहरण याच भागात आहे, फक्त त्याला कोणी संग्रहालय म्हटले नाही. गोटुल ही गोंड-माडिया गावाची जुनी संस्था. तरुण मुलेमुली तिथे जमत, गाणी, नाच, वाद्ये, गावकीचे कायदे आणि कामाची रीत वडीलधाऱ्यांकडून शिकत. बाहेरच्या लेखकांनी त्यातली फक्त स्त्री-पुरुष संबंधांची बाजू उचलून तिचा तमाशा केला आणि त्या नजरेच्या लाजेने अनेक गावांत गोटुल ओस पडले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने १९८०नंतरच्या दशकात आपला गोटुल पुन्हा बांधायला घेतला. सागाचे लाकूड वापरले म्हणून वनखात्याने हरकत घेतली आणि तो पाडला. तेव्हा आसपासच्या गावांनी बसून ठरवले की एक पाडला तर गावोगावी गोटुल उभे राहतील. खात्याला माघार घ्यावी लागली. या प्रसंगाकडे सहसा जंगलहक्काचा लढा म्हणून पाहिले जाते. तो वारशाचाही लढा होता. गावाने आपली स्मृती ठेवण्याची जागा स्वतः ठरवली, आपल्या जंगलातले लाकूड त्यासाठी वापरले, आणि ती टिकवायला शेजारची गावे उभी केली. त्याच मेंढ्यात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून अभ्यासगट चालू झाले: कागदपत्रे वाचायची, कायदा समजून घ्यायचा, मग सर्वसहमतीने निर्णय करायचा.

हे अभ्यासगट का महत्त्वाचे, ते २००९ साली दिसले. वनहक्क कायद्याखाली मेंढा ग्रामसभेला १,८०९ हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी एक. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. हा हक्क मागताना पुरावा लागतो, आणि तो कोणता चालतो हे २००८ साली लागू झालेल्या नियमांतल्या तेराव्या नियमात सांगितले आहे. सरकारी नोंदी आणि निस्तार हक्कांची कागदपत्रे तर आहेतच. त्यांच्या जोडीला जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे, वंशावळी, चालीरीतींची लेखी नोंद आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब. हा नियम वाचला की दुसरा मोठा आक्षेप ढासळतो. जिथे दवाखान्याला डॉक्टर नाही, नदीवर पूल नाही, तिथे संग्रहालयाचे लाड कशाला, असा तो आक्षेप. पण माडिया गावांच्या वाटेवर मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड, देवराईची हद्द, कोणत्या पिढीने कोणते तळे खोदले याची म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकीकत, ही सगळी संग्रहालयाची सामग्री आहे आणि तीच कायद्याच्या भाषेत पुरावा आहे. ती गावाकडे नीट लावून ठेवलेली असेल तर दावा उभा राहतो; ती दूरच्या कपाटात असेल, किंवा सांगणाऱ्या माणसाबरोबर गेली असेल, तर उपविभागीय समितीपुढे गाव रिकाम्या हाताने उभे राहते. पूल आणि डॉक्टर मागायलाही गावाला आपण कोण आणि कधीपासून इथे आहोत हे कागदावर सांगता यावे लागते. म्हणून या जिल्ह्यांत संग्रह हा चैनीचा विषय ठरत नाही.

तिसरा आक्षेप आतून येतो, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. देवाच्या वस्तू, पेनाचे (गोंड देवाचे) ध्वज आणि घुंगरे, काही विधींची वाद्ये ही मुळी पाहण्यासाठी मांडायची नसतात. त्यांना कपाटात ठेवणे म्हणजे त्यांचा देवपणा काढून घेणे. हे खरे आहे, आणि म्हणूनच निर्णय गावाकडे हवा. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने १९६२ पासून राज्यभरच्या आदिवासी जीवनाचा अभ्यास केला, तिच्या संग्रहालयामुळे शहरातल्या हजारोंना या कलेची ओळख झाली. पण कोणती वस्तू दाखवू नये हे पुण्यात बसून ठरवता येत नाही. ते ठरवू शकतो तो त्या देवाचा पुजारी, म्हणजे भुमिया, आणि त्याचे गाव. काही वस्तू फक्त यादीत असतील, काहींचे फक्त वर्णन असेल, काहींचा उल्लेखही नसेल. कायद्याने याला आधार दिला आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले, आणि वनहक्क कायद्याने जैविक व सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. अधिकार कागदावर आहे. त्याचा वापर संग्रहासाठी अजून फार थोडा झाला आहे.

राहिला जाणकारीचा आणि पैशाचा प्रश्न. जाणकारी बाहेरून आणता येते आणि आतलीही कमी नसते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ मेंढ्याच्या कामाशी जोडले गेले तेव्हा शास्त्रज्ञाची पद्धत आणि गावकऱ्याची झाडापानांची माहिती एकाच नोंदवहीत आली. २००२च्या जैवविविधता कायद्याखालची लोक जैवविविधता नोंदवही याच रीतीची आहे, आणि वस्तूंच्या यादीला ती जशीच्या तशी लागू पडते: माडिया किंवा गोंडी नाव, मराठी नाव, कोणी दिली, कशाला वापरतात, कोणाला विचारल्याशिवाय हलवायची नाही. नागपूर, पुणे आणि कोलकात्याच्या संस्थांनी आपल्याकडच्या इथल्या वस्तूंची यादी, छायाचित्रे आणि देवटेकसारख्या शिळेचा ठसा ग्रामसभांना द्यावा, ही मागणी मूळ वस्तू परत मागण्यापेक्षा सोपी आणि आजच करण्याजोगी आहे. पैशाबाबत चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावकडे पाहावे. २०१२ साली एक हजार हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूच्या विक्रीतून उत्पन्न उभे केले, आणि तेंदूपत्त्यासाठी झाडे छाटली जातात व जंगलाला आग लावली जाते म्हणून तेंदूचे उत्पन्न सर्वांनी मिळून सोडून दिले. आपल्या जंगलासाठी हातचा पैसा सोडू शकणारी ग्रामसभा, तिने ठरवले तर, बांबूच्या उत्पन्नातून एका खोलीचे छप्पर, दोन लोखंडी कपाटे आणि नोंदी ठेवणाऱ्या एका तरुण मुलीचे मानधन नक्की काढू शकते.