जननपेशी अर्बुदे, मारक (बालक व तरुणांतील)
भ्रूणातील आद्य जननपेशी स्थलांतर करतात. म्हणून त्यांच्यापासून होणारी ही अर्बुदे वृषण व अंडाशयाखेरीज माकडहाडाजवळ, छातीच्या मध्यभागी आणि मेंदूतही आढळतात. वृषणातील अशी गाठ, भारतात विरळ असली तरी, १५ ते ३५ या वयात अधिक. ती बहुधा दुखत नाही, लाजेपोटी लपवलीही जाते. पसरलेल्या कर्करोगावर उपचार व्यर्थ, हा आक्षेप इथे टिकत नाही. १९७० च्या दशकात सिसप्लॅटिन हे औषध आल्यापासून फुप्फुसांपर्यंत रोग पोहोचलेले बहुसंख्य रुग्णही बरे होतात. वंध्यत्वाची भीती रास्त, पण औषधांआधी वीर्य गोठवून ठेवता येते. तपासणीसाठी वृषणातील गाठीत सुई मात्र घालू नये. सोनोग्राफी आणि रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन, बीटा-एचसीजी तपासून वृषण जांघेतून काढतात.