वायर गेल्यानंतर

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा खेळायचं असेल तर वेगळं कार्ड बसवून पंधरा पिनांचं गेम पोर्ट घ्यावं लागे. जॉयस्टिकची पिन त्यात खोचली की काम संपलं. ही जॉयस्टिक कोणाची, हा प्रश्नच उद्भवत नसे. वायर गेली आणि तो प्रश्न उभा राहिला.

निन्टेंडोने २००२ साली गेमक्यूबसाठी काढलेल्या वेव्हबर्डमध्ये त्याचं साधं उत्तर होतं. कंट्रोलरवर सोळा आकड्यांची चकती आणि कन्सोलला लावायच्या रिसीव्हरवरही तशीच चकती. दोन्हीकडे एकच आकडा लावायचा. चौघं खेळणार असतील तर चौघांनी चार वेगळे आकडे धरायचे. पेअरिंग म्हणजे नेमकं काय, हे इतकं उघड पुन्हा कुठेच दिसलं नाही.

स्वीडनमध्ये लुंड इथे एरिक्सनमध्ये १९९४ पासून घडत गेलेल्या ब्लूटूथने ती चकती लपवली. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळाला. जोडणी होताना दोघं एकमेकांचे पत्ते आणि एक गुप्त किल्ली लक्षात ठेवतात, आणि मग सेकंदाला सोळाशे वेळा ठरलेल्या क्रमाने चॅनेल बदलत बोलतात. सोनीच्या २००६ च्या प्लेस्टेशन ३ ने तर हे काम यूएसबी केबलकडेच सोपवलं. केबल एकदा लावली की कन्सोल आपला पत्ता कंट्रोलरमध्ये लिहून टाकी. तोच कंट्रोलर कॉम्प्युटरशी वायरविना जोडायचा, तर कॉम्प्युटरचा पत्ता त्यात कोण लिहिणार? मग हौशी मंडळींनी त्यासाठी छोटे प्रोग्रॅम लिहिले. मला या कथेतली खरी कर्तबगार माणसं तीच वाटतात. सोनीच्याच २०१३ च्या ड्युअलशॉक ४ या कंट्रोलरपासून शेअर आणि पीएस ही बटणं एकत्र दाबून धरणं पुरू लागलं. मायक्रोसॉफ्टने आधी स्वतःचा वेगळा रेडिओ आणि त्याचा वेगळा रिसीव्हर ठेवला होता. त्यांच्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आलं २०१६ साली.

पण माझ्या मते पेअरिंगला नाहक दोष दिला जातो. कंट्रोलर जोडला जातो, दिवा स्थिर होतो, तरी खेळातला माणूस जागचा हलत नाही, याचं मूळ बहुतेकदा दुसरीकडे असतं. विंडोजच्या जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीत बटणांना नुसते क्रमांक असत. कोणतं बटण कशाचं, हे खेळाला सांगावं लागे. २००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर एक्सइनपुट आलं आणि बटणांच्या जागा कायमच्या ठरल्या, त्याही एक्सबॉक्सच्या कंट्रोलरप्रमाणे. पुढे अनेक खेळ तेवढंच ओळखू लागले. सोनीचा कंट्रोलर विंडोजला दिसतो, पण अशा खेळाला दिसत नाही, ते यामुळे. मध्ये दुभाष्या लागतो. कॉम्प्युटरवर खेळ विकणाऱ्या स्टीमने ड्युअलशॉक ४ साठी हे काम २०१६ च्या अखेरीस अंगावर घेतलं. लिनक्ससाठी मात्र सोनीनेच २०२१ साली ड्युअलसेन्स या पुढच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर दिला.

तेव्हा जोडणी झाली असूनही खेळ दाद देत नसेल, तर पुन्हापुन्हा पेअरिंग तोडत बसू नका. आधी स्टीमच्या सेटिंग्जमधला कंट्रोलरचा भाग उघडून पाहा.