देवी की संत? आयर्लंडच्या १ फेब्रुवारीची गोष्ट

आयरिश सणांवर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे का?" नाही. आज ज्या सणाबद्दल सांगणार आहे तो १ फेब्रुवारीचा, संत ब्रिजिडचा. दुसरा प्रश्नही ठरलेला: "ती मुळात देवी होती ना?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी सण बघू. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी हा वसंताचा पहिला दिवस मानतात. थंडी असतेच, पण शेतीची कामं सुरू होतात, मेंढ्या व्यायला लागतात, दूध वाढतं. आदल्या संध्याकाळी घरात लव्हाळं आणायचं. ते कापायचं नाही, हाताने उपटायचं. बऱ्याच ठिकाणी घरातली एक मुलगी ब्रिजिड होऊन लव्हाळ्याची मोळी घेऊन दाराबाहेर उभी राहायची. आतल्यांनी गुडघे टेकून ब्रिजिडला आत घ्यावं असं ती पुकारायची, आतून स्वागत व्हायचं. मग भरपूर लोणी घातलेल्या कुस्करलेल्या बटाट्यांचं जेवण, आणि त्याच लव्हाळ्याचे क्रॉस विणायचे. ते दारावर, आढ्याला, गोठ्यात लावायचे. घराला आग लागू नये, गुरं नीट राहावीत ही त्यामागची श्रद्धा.

रात्री बाहेर एक कापड ठेवायचं. ब्रिजिड जाता जाता त्याला स्पर्श करते असं मानत. मग ते कापड वर्षभर डोकेदुखीला, गाय अडली तर तिच्या अंगावर घालायला उपयोगी. केरीकडे मुखवटे घातलेली, गवताच्या टोप्यांची पोरं ब्रिजिडची बाहुली घेऊन घरोघर फिरत. गॉलवेच्या काही भागांत गवताचा मोठा वेढा करून त्यातून माणसं पार होत.

हे सगळं आपल्याला कसं कळलं? इथे माझ्या कामाचा भाग सुरू होतो. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळेतल्या मुलांना वह्या दिल्या आणि घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती लिहून आणायला सांगितलं. १९४२ मध्ये खास या सणाबद्दल प्रश्नावली पाठवली गेली. वर सांगितलेले बारकावे मुख्यतः अशाच नोंदींतून येतात. म्हणजे आपला सर्वांत भरघोस पुरावा विसाव्या शतकातला आहे. सांगणाऱ्यांच्या आठवणी फार तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जातात.

आता देवीकडे येऊ. इसवी सन ९०० च्या सुमाराचा कॉर्मकचा शब्दकोश म्हणून एक ग्रंथ आहे. त्यात ब्रिगित ही दाग्दा या देवाची मुलगी, कवींची देवी, असं स्पष्ट लिहिलंय. तिच्या दोन बहिणींचं नावही तेच: एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. पण संत ब्रिजिडचं कॉगिटोससने लिहिलेलं चरित्र सातव्या शतकातलं, म्हणजे त्याच्याही आधीचं, आणि त्यात या देवीचा उल्लेख नाही. कॉगिटोससला रस किल्डेअरच्या मठाचा मोठेपणा सांगण्यात आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स किल्डेअरच्या अखंड अग्नीबद्दल लिहितो. एकोणीस जोगिणी आळीपाळीने तो राखतात, विसाव्या रात्री ब्रिजिड स्वतः राखते, आणि कुंपणाच्या आत पुरुषाला प्रवेश नाही. वाचताना देवीच आठवते, मान्य. पण तोपर्यंत त्या भागात ख्रिस्ती धर्म येऊन सहा-सातशे वर्षं झाली होती!

इम्बोल्क हे या दिवसाचं जुनं नाव. जुन्या ग्रंथांत त्याचा संबंध मेंढ्यांच्या दुधाशी जोडलाय. त्या दिवशी लोक काय काय करत याचं सविस्तर वर्णन मात्र मिळत नाही.

मग निष्कर्ष काय? दिवस जुना आहे, ऋतूशी बांधलेला आहे. देवी होती असं दहाव्या शतकाच्या तोंडावर लिहिणारा माणूस मानत होता. पण विसाव्या शतकातला लव्हाळ्याचा क्रॉस थेट त्या देवीपर्यंत नेणारा धागा आपल्या हातात नाही. मध्ये हजार वर्षांची फट आहे. "पाच हजार वर्षांची परंपरा" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की ती फट बुजवली जाते, आणि तिच्यासोबत ती माणसंही, ज्यांनी दरवर्षी चिखलात जाऊन लव्हाळं उपटलं.

सण थांबलेला नाही, हेही महत्त्वाचं. १९९३ मध्ये किल्डेअरमध्ये ब्रिजिडाइन सिस्टर्सनी तो अग्नी पुन्हा पेटवला. २०२३ पासून ब्रिजिडच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी मिळते, सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. बाईच्या नावाची ही तिथली पहिलीच सार्वजनिक सुट्टी. आज कुणी तिला संत म्हणून मानतं, कुणी देवी म्हणून, कुणी स्त्रियांच्या हक्कांचं प्रतीक म्हणून. इतिहासकार म्हणून मला हे "खोटं" वाटत नाही. हा सणाचा आत्ताचा थर आहे, फक्त त्यावर आत्ताचीच तारीख घालायला हवी.

जाता जाता एक काम देते. तुमच्या आजीला तिच्या लहानपणी एखादा सण कसा व्हायचा ते विचारा आणि लिहून ठेवा. गावाचं नाव आणि साल टाकायला विसरू नका. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी आयरिश शाळकरी पोरांनी एवढंच केलं होतं, आणि माझा अर्धा प्रबंध त्यांच्या वह्यांवर उभा आहे.